मोटारींच्या शर्यती आणि पेट्रोलची काटकसर

वेगवान मोटार म्हटली म्हणजे ती पेट्रोल पिणारच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इंजिन मोठें, शक्ति अधिक, तेव्हां खर्चहि अधिक, हा हिशेब वरवर पाहतां बिनचूक वाटतो. महिनाअखेरीस पेट्रोलच्या खर्चाचा आंकडा पाहून घरधनी दोष देतो तो गाडीस. चालविणाऱ्याच्या पायाकडे सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं. मोटारींच्या शर्यतींचा इतिहास मात्र या समजुतीस धक्का देणारा आहे. शर्यत ही वेगाची परीक्षा, आणि काटकसर ही वेगाची सवत, असें वाटणें साहजिक आहे. तरीहि गेल्या सवाशें वर्षांत शर्यतींच्या व्यवस्थापकांनीं अनेकदां स्पर्धकांस पेट्रोल मोजून दिलें, आणि एवढ्यांतच काय पराक्रम करावयाचा तो करा, असें बजावलें. अशा प्रत्येक वेळीं एक गोष्ट उघड झाली. इंधनाचा हिशेब अर्धा यंत्राच्या हातीं असतो, तर अर्धा माणसाच्या पायाखालीं.

यांतील पहिली मोठी शर्यत १९०७ सालच्या जुलै महिन्यांत फ्रान्समधील दिएप्प या बंदराजवळ झाली. आदल्या वर्षीं ल मां येथें झालेल्या पहिल्या ग्रां प्रीमध्यें गाडीच्या वजनावर मर्यादा होती. १९०७ सालीं ती काढून टाकून व्यवस्थापकांनीं नवा नियम केला कीं, दर शंभर किलोमीटरांस तीस लिटरांहून अधिक पेट्रोल मिळणार नाहीं. मार्ग ७७० किलोमीटरांचा होता. म्हणून प्रत्येकाच्या वांट्यास २३१ लिटर पेट्रोल आलें. लिटरास सव्वातीन किलोमीटरांहून किंचित् अधिक मजल मारणें भाग होतें. आजच्या गृहस्थास हें प्रमाण हास्यास्पद वाटेल; परंतु त्या काळचीं इंजिनें अवाढव्य होतीं. विजयी फियाट गाडीच्या इंजिनाचें आकारमान सोळा लिटरांहून मोठें होतें.

ती गाडी चालविली फेलिचे नाझ्झारो या इटालियन चालकानें. त्यांचा सरासरी वेग ताशीं सुमारें ११३ किलोमीटर पडला. त्यांच्या मागोमाग रेनो गाडीतून फेरेंक सिझ आले. सिझ हे जन्मानें हंगेरियन, आणि आदल्या वर्षींचे विजेते. शर्यत संपल्यावर असें दिसून आलें कीं, सिझ यांच्या टाकींत नाझ्झारो यांच्यापेक्षां अधिक पेट्रोल शिल्लक होतें. पेट्रोल संपेल या धास्तीनें हात आंखडता घेतल्यामुळें जें वापरतां आलें असतें तेंहि वापरलें गेलें नाहीं. काटकसर निराळी आणि कृपणता निराळी, हा धडा मोटारींच्या इतिहासानें इतक्या लौकर शिकविला.

पुढें १९१३ सालीं आम्यें येथील शर्यतींत मर्यादा आणखी आंवळण्यांत आली. या वेळीं शंभर किलोमीटरांस अवघे वीस लिटर. तरीहि प्यूजो गाडीचे चालक झॉर्झ ब्वायो यांनीं ९१६ किलोमीटरांचें अंतर ताशीं सुमारें ११६ किलोमीटरांच्या सरासरीनें तोडलें. सहा वर्षांत पेट्रोल एकतृतीयांशानें घटलें. वेग मात्र घटला नाहीं, उलट किंचित् वाढला. त्यांच्या इंजिनाचें आकारमान साडेपांच लिटरांच्या आसपास, म्हणजे नाझ्झारो यांच्या इंजिनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाचें होतें. ही कर्तबगारी मुख्यत्वें यंत्रकारांची होय. चालकाचा वांटा किती, हें समजण्यास पेट्रोल गाडींत खर्च होतें तरी कोठें, हें पाहिलें पाहिजे.

उभी गाडी धांवूं लागली म्हणजे पेट्रोलमधील शक्ति तिच्या गतींत सांठते. ब्रेक दाबला कीं ती सांठलेली शक्ति ब्रेकच्या उष्णतेच्या रूपानें वाऱ्यावर जाते. एक हजार किलो वजनाची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगास आणून थांबविली, तर एका खेपेस सुमारें वीस घन सेंटिमीटर पेट्रोल व्यर्थ गेलें असा हिशेब येतो. वेग दुप्पट केल्यास हा खर्च दुप्पट न होतां चौपट होतो. दुसरा खर्च हवेचा. हवा गाडीस जो विरोध करते, तोहि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं विरोध चौपट. तिसरा खर्च इंजिनाच्या अंतर्गत घर्षणाचा. खालच्या गियरमध्यें इंजिन उगाच गरगर फिरवीत ठेवल्यास त्याची शक्ति स्वतःलाच फिरविण्यांत खर्ची पडते. जोरदार गाडीच्या मालकास हे तिन्ही मोह एकदम होतात. सिग्नल सुटतांच उसळी घ्यावी, पुढच्या सिग्नलपाशीं करकचून ब्रेक लावावा, आणि मोकळा रस्ता दिसला कीं कांटा वर चढवावा. गाडी पेट्रोल खाते ती अशी. खावयास घालणारा निराळा असतो.

अमेरिकेंत १९३६ सालीं लॉस एंजेलिसपासून योसेमिटीच्या दरीपर्यंत काटकसरीची एक स्पर्धा सुरू झाली. पुढें ती मोबिलगॅस कंपनीच्या नांवानें प्रसिद्धीस आली आणि १९६८ पर्यंत चालली. तींत दुकानांत मिळणाऱ्या साध्या गाड्याच धांवत. शेजारीं निरीक्षक बसे. कुशल चालक त्याच गाड्यांतून असे आंकडे काढीत कीं, घरीं तीच गाडी बाळगणारा थक्क होई. त्यांच्यापाशीं गुप्त विद्या नव्हती. पुढचा रस्ता दूरवर पाहून ते पाय आधींच उचलीत, आणि ब्रेकची गरज पडूं देत नसत.

ही शिस्त जेव्हां राजाज्ञेनें लादली गेली, तो काळ १९७३ चा. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाची नाकेबंदी केली. पश्चिम जर्मनींत नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांतील चार रविवारीं खासगी मोटारी रस्त्यावर आणण्यास मनाई झाली. अमेरिकेनें १९७४ च्या आरंभीं ताशीं ५५ मैलांची, म्हणजे सुमारें ८८ किलोमीटरांची, वेगमर्यादा देशभर लागू करण्याचा कायदा केला. शर्यतींनाहि झळ लागली. मोंते कार्लोची रॅली त्या वर्षीं रद्द झाली, आणि डेटोना येथील ५०० मैलांची प्रसिद्ध शर्यत ४५० मैलांवर आणली गेली.

मात्र काटकसरीची खरी कसोटी लागली ती पुढील दशकांत. १९८२ सालीं सहनशक्तीच्या शर्यतींसाठीं नवा वर्ग निघाला. त्यांत हजार किलोमीटरांस सहाशें लिटर असें प्रमाण ठरलें. त्याच वर्षीं ल मां येथें पोर्शच्या तीन गाड्या पहिल्या तीन क्रमांकांवर आल्या. नंतर १९८४ पासून फॉर्म्युला वन या सर्वांत वेगवान वर्गांत मध्येंच पेट्रोल भरण्यास बंदी झाली, आणि संपूर्ण शर्यतीस २२० लिटर एवढीच शिधा मिळूं लागली. त्या गाड्यांच्या टर्बो इंजिनांत हवा दाबून भरली जाई. दाब वाढविला कीं शक्ति वाढे. पण इंजिन थंड राखण्यासाठींहि जादा पेट्रोल ओतावें लागे. दाब किती ठेवावा, हें चालकास बसल्या जागीं ठरवितां येई. मोह आणि संयम जणूं एकाच कळीवर बसविलेले होते.

इटलींतील इमोला येथें ५ मे १९८५ रोजीं जें घडलें, तें या दृष्टीनें अविस्मरणीय आहे. तेथील मार्गावर वळणामागून वळण. म्हणजे ब्रेक लावा आणि पुन्हां उसळी घ्या, हाच क्रम. साठ फेऱ्यांचें अंतर तीनशें किलोमीटरांच्या आसपास. लोटस गाडींतील तरुण ब्राझिलियन चालक आयर्टन सेन्ना आरंभापासून आघाडीवर होते. मागून अलँ प्रोस्त यांचा रेटा असल्यानें त्यांस उसंत मिळाली नाहीं. शेवटच्या मोजक्या फेऱ्या उरल्या असतां सेन्ना यांच्या गाडींतील पेट्रोल संपलें. आघाडी फेरारीचे स्टेफान योहानसन यांच्याकडे आली, आणि इटालियन प्रेक्षकांनीं एकच जल्लोष केला. परंतु अल्पावकाशांत त्यांचीहि टाकी कोरडी झाली. प्रोस्त प्रथम पोहोंचले, तर परतीच्या फेरींत त्यांचीहि गाडी थांबली. शिवाय वजन नियमापेक्षां दोन किलो कमी भरल्यानें ते बाद ठरले. अखेर विजयाची माळ एलिओ द आंजेलिस यांच्या गळ्यांत पडली. आश्चर्य हें कीं, द आंजेलिस हे सेन्ना यांचेच सहकारी. कारखाना तोच, इंजिन तेंच, पेट्रोलहि तितकेंच. एक गाडी वाटेंत उभी राहिली, दुसरी शेवटास गेली.

पुढच्या वर्षीं शिधा १९५ लिटरांवर आली. जर्मनींतील होकेनहाइम येथें शेवटच्या फेरींत प्रोस्त यांचें पेट्रोल संपलें. समाप्तीची रेषा समोर दिसत असतां ते खालीं उतरले आणि गाडी ढकलूं लागले. हिशेबी चालविण्यामुळें ज्यांस सारे 'प्रोफेसर' म्हणत, त्यांच्यावरहि ही वेळ आली. यावरून हें गणित किती बारीक होतें तें कळतें. तरीहि १९८५ व १९८६ या दोन्ही वर्षींचें जगज्जेतेपद त्यांनींच मिळविलें. १९८८ सालीं टर्बो गाड्यांस अवघे १५० लिटर उरले. त्या वर्षीं मॅकलॅरेनच्या होंडा इंजिनाच्या गाड्यांतून सेन्ना आणि प्रोस्त यांनीं सोळांपैकीं पंधरा शर्यती जिंकल्या. इमोलाच्या रस्त्यावर जो तरुण थांबला होता, त्यानेंच आतां मोजक्या पेट्रोलवर जगज्जेतेपद मिळविलें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण इतक्या शब्दशः क्वचितच कोठें खरी ठरली असेल.

शर्यतींतील ही विद्या घरच्या गाडीस लागू पडते काय? निःसंशय पडते. अमेरिकेच्या ऊर्जाखात्याच्या माहितीनुसार आडदांड चालविण्यानें गाडीची मजल मोठ्या रस्त्यावर शेंकडा १५ ते ३०, आणि थांबत थांबत चालणाऱ्या शहरी रहदारींत शेंकडा १० ते ४० घटूं शकते. उपायहि चालकाच्याच स्वाधीन आहेत. वेग हळूहळू वाढवावा, वरचा गियर वेळेवर टाकावा, पुढील वाहनापासून अंतर राखावें, आणि थांबावयाचें आहे असें दिसतांच पाय उचलावा. गाडी गियरमध्येंच असेल, तर पाय उचलल्यावर आधुनिक इंजिनांत पेट्रोलची धार आपोआप बंद होते. ती मजल फुकट पदरांत पडते.

भारतास लागणाऱ्या खनिज तेलाचा चारपंचमांशाहून अधिक भाग परदेशांतून येतो. म्हणून हा प्रश्न एका घराच्या खर्चापुरता राहत नाहीं. नाझ्झारो ते प्रोस्त या सर्वांच्या अनुभवाचें सार एवढेंच कीं, काटकसर म्हणजे मंदपणा नव्हे. सिझ यांनीं राखून ठेवलेलें पेट्रोल त्यांच्या उपयोगी पडलें नाहीं, आणि सेन्ना यांनीं आधींच उधळलेलें पेट्रोल त्यांस परत मिळालें नाहीं. पोहोंचावयाचें कोठें आहे हें ध्यानांत ठेवून, जेवढें आहे तेवढें शेवटपर्यंत पुरविणें, यालाच खरें सारथ्य म्हणावें.