‘सिनर्स’: अलौकिक भयपटातील प्रतिनिधित्वाची मीमांसा

चित्रपटातील प्रतिनिधित्वाची चर्चा बहुधा शिरगणतीवर थांबते. अलौकिक भयपटाला ही मोजणी अपुरी पडते, कारण त्यातले जग काही नियमांवर चालते: बाधा कोणाला होते, कशी होते, उतारा कोणाला ठाऊक असतो. म्हणून येथे तीन निकष घेऊ. पहिला उपस्थितीचा: कोणते समाज पडद्यावर दिसतात? दुसरा कार्यकारणाचा: पात्राच्या सामाजिक स्थानामुळे कथानक वळते का? तिसरा अधिकाराचा: भयाचा नियम कोणाच्या अनुभवातून घडला आहे आणि कोणाचे ज्ञान तेथे चालते? रायन कूगलर यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘सिनर्स’ (२०२५) या तपासणीस योग्य ठरतो.

आधी एक पूर्वसूत्र. जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये (१९६८) ड्युएन जोन्स हा कृष्णवर्णीय नट नायक होता. रात्रभर मृतांशी झुंजून वाचलेला हा नायक सकाळी गोऱ्या टोळीच्या गोळीने मरतो. मात्र त्याच्या वर्णाचा संवादात उल्लेखही नाही. शेवटाचा अर्थ प्रेक्षकाने आपल्या इतिहासज्ञानाने भरायचा. कूगलर तोच इतिहास थेट कथेच्या यंत्रणेत बसवतात.

काळ १९३२चा, स्थळ मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल. वर्णविभाजनाचे कायदे जोरात आहेत. शिकागोहून परतलेले स्मोक आणि स्टॅक हे जुळे भाऊ (दोन्ही भूमिकांत मायकेल बी. जॉर्डन) लाकूड कापण्याची जुनी गिरणी विकत घेऊन तेथे कृष्णवर्णीयांसाठी गाण्या-नाचण्याचा अड्डा उघडतात. तेथे गाणाऱ्या सॅमी या तरुणाच्या ब्लूज गायनाची ओढ लागून रेमिक हा आयरिश व्हॅम्पायर दाराशी येतो.

पहिल्या निकषावर चित्रपट समृद्ध आहे: कृष्णवर्णीय, चिनी, चॉक्टॉ आदिवासी, मिश्रवंशीय, आयरिश. खरी कसोटी दुसऱ्यावर लागते. मेरी दिसायला गोरी आहे, पण तिचे आजोबा अर्धे कृष्णवर्णीय होते. दाराशी आलेल्या गोऱ्या पाहुण्यांशी बोलायला तीच बाहेर जाते, कारण ती गोरी म्हणून खपू शकते; बाधित होते आणि ओळखीची म्हणून आत घेतली जाते. बो आणि ग्रेस चाव या चिनी दांपत्याची रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दुकाने आहेत, एक कृष्णवर्णीयांसाठी, एक गोऱ्यांसाठी. मिसिसिपी डेल्टातील चिनी वाणी असेच दोन समाजांच्या मधे जगत. १९२७मध्ये ‘गाँग लम विरुद्ध राइस’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिसिसिपीतील चिनी मुलीला गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश नाकारणे वैध ठरवले होते. चित्रपटात दोन्हीकडे वावर असलेली ग्रेसच अखेरीस पिशाचांना आत बोलावते, कारण तिच्या मुलीला धमकी मिळालेली असते.

तिसऱ्या निकषावर दोन गोष्टी दिसतात. आमंत्रणाशिवाय व्हॅम्पायर आत येऊ शकत नाही, हा संकेत जुनाच. पण ज्यांना प्रत्येक दारावर मज्जाव होता, त्यांच्या हाती येथे स्वतःच्या उंबरठ्याचा हक्क आहे. शिवाय उताऱ्याचे ज्ञान पाद्र्याकडे नसून हुडू ही कृष्णवर्णीयांची लोकविद्या जाणणाऱ्या ॲनीकडे आहे.

सर्वांत बोचरा मुद्दा रेमिकच्या टोळीचा. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे गोरे जोडपे, मेरी, स्टॅक, बो, सारे तिच्यात एकत्र नाचतात. शिरगणती केली तर चित्रपटातला सर्वांत समावेशक समूह हाच. पण तेथे सर्वांच्या स्मृती एकाच्या मालकीच्या होतात: बो बाधित होताच रेमिक ग्रेसशी तिच्या भाषेत बोलू लागतो. आपल्याही पूर्वजांची भूमी हिरावली गेली, हे त्याचे दुःख खरे आहे. तरी तो दुसऱ्याचे गाणे गिळू पाहतो. उलट सॅमीच्या गाण्यात आफ्रिकी पूर्वज, इलेक्ट्रिक गिटार, हिप-हॉप आणि चिनी नाट्यनर्तक एकाच वेळी अवतरतात आणि प्रत्येकाची चाल वेगळीच राहते.

त्रुटीही नोंदवायला हव्यात. रेमिकचा माग काढणारे चॉक्टॉ एका प्रसंगापुरते येतात आणि सूर्य मावळताच निघून जातात. १८३०च्या करारान्वये मिसिसिपीतील भूमी गमावलेल्या आणि १८४७मध्ये दुष्काळग्रस्त आयरिश लोकांना मदत धाडणाऱ्या या समाजाचा रेमिकशी केवढा संवाद घडू शकला असता! चॉक्टॉ पहिल्या निकषापलीकडे फारसे जात नाहीत. ग्रेसच्या एका हाकेवर संहाराचा भार टाकणेही काहीसे सोयीचे आहे.

तरीही निष्कर्ष स्पष्ट आहे. पात्राचा समाज बदलला तर ज्या कथेचा नियमच कोसळतो, तेथे प्रतिनिधित्व खरे. जेथे काहीच बिघडत नाही, तेथे ते केवळ सजावट. या कसोटीवर ‘सिनर्स’ मोठ्या अंशी उतरतो.