ख्रिस्तैक्य

ख्रिस्ती साधनेत माणसाने ख्रिस्ताशी एकरूप होणे आणि त्या एकरूपतेतून त्याचा स्वभावच पालटणे. योहानाच्या शुभवर्तमानातील द्राक्षवेल व फाटे यांचा दाखला आणि पौलाची पत्रे हे या विचाराचे मूळ आहे. पूर्वेकडील सनातनी चर्चने तो ‘ईश्वरी जीवनात सहभागी होणे’ या रूपात मांडला. भक्त देव होत नाही; देवाच्या कृपेने भरून जातो.

मराठीत हा अनुभव नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी सर्वांत उत्कटपणे गायला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी संतांची वाट सोडली नाही. ‘अभंगांजली’ या त्यांच्या अभंगसंग्रहात ख्रिस्त गुरू आहे, माउलीही आहे. विरह, शरणागती, मीपणाचा लोप ही वारकऱ्यांची भाषा तिथे उसनी वाटत नाही, हेच टिळकांचे मोठेपण. एकरूपता त्यांनी एकांतापुरती ठेवली नाही: १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तो खुला होता. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य मात्र त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. टिळकांची भजने मराठी चर्चच्या उपासनेत आजही गायली जातात.