सहाशें शिपाई आणि चिनी मातीचीं भांडीं

जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं 'झ्विंगर' नांवाचा बरोक शैलींतील राजवाडा आहे. १७१० पासून पुढें प्योप्पेलमान या स्थपतीनें तो उभारला. आज त्यांत चिनी मातीच्या भांड्यांचें संग्रहालय आहे. तेथील कांहीं उंच, निळ्यापांढऱ्या रांजणांना 'ड्रॅगून रांजण' म्हणतात. ड्रॅगून म्हणजे घोडेस्वार शिपाई. १७१७ सालीं सॅक्सनीचा अधिपति ऑगस्ट यानें आपले ६०० शिपाई प्रशियाच्या राजास दिले आणि मोबदल्यांत १५१ भांडीं घेतलीं! दर भांड्यास जवळजवळ चार माणसें, असा हा हिशेब पडतो. राजाच्या रसिकतेचा मासला म्हणून ही हकीकत हंसत सांगण्याचा प्रघात आहे. आम्हांस तितकें हंसूं येत नाहीं.

कारण हीं भांडीं घडविण्याची विद्या तोंवर ऑगस्टच्या घरींच सिद्ध झाली होती. सोनें करून देतों म्हणणाऱ्या ब्योटगर नामक तरुण किमयागारास त्यानें १७०१ पासून अडकवून ठेविलें होतें. सोनें झालें नाहींच. पण चिर्नहाउस या पंडिताच्या साह्यानें १७०८ च्या सुमारास चिनी मातीचें रहस्य उलगडलें, व १७१० सालीं माइसेनच्या गढींत कारखाना निघाला. ब्योटगरची सुटका मात्र १७१४ त. पुढें पांचच वर्षांनीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, तो वारला. म्हणजे शिपाई विकले ते गरजेपोटीं नव्हे, हव्यासापोटीं.

१९४५ च्या फेब्रुवारींतील बाँबवर्षावांत झ्विंगर उद्ध्वस्त झाला. भांडीं आधींच हलविलीं होतीं. तीं रशियनांनीं नेलीं, आणि त्यांतील बरींचशीं १९५८ सालीं परत आलीं. १९६२ पासून तीं पुन्हां उभारलेल्या झ्विंगरमध्यें आहेत. रांजणांचें नांव अद्याप तेंच आहे.