विजेच्या मोटारीचें पहिलें युग



विजेवर चालणारी मोटार ही आपल्या शतकाची नवी निर्मिति होय, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. इ. स. १९०० च्या सुमारास अमेरिकेंत एका वर्षांत ज्या सुमारें ४,२०० मोटारी तयार झाल्या, त्यांत १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. २९ एप्रिल १८९९ रोजीं कामिल झेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें पॅरिसजवळ ताशीं १०५ किलोमीटरांहून अधिक वेगानें जी गाडी हांकली, ती विजेचीच होती. ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडणारें तें पहिलें रस्त्यावरील वाहन. एवढी आघाडीची गाडी पुढें चाळीस वर्षांत बाजारांतून जवळजवळ नाहींशी झाली. ती कां झाली, याचें उत्तर यंत्रशास्त्राइतकेंच माणसाच्या स्वभावांत सांपडतें. यासाठीं ती गाडी रोज बाळगणाऱ्याचा दिवस कसा जात असे, तें आधीं पाहूं.

डेट्रॉइट येथील अँडरसन कंपनीची ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही त्या काळची प्रसिद्ध गाडी. १९०७ पासून १९३९ पर्यंत अशा सुमारें तेरा हजार गाड्या तयार झाल्या. चोहों बाजूंनीं कांचा लावलेली बंद बैठक, आंत मऊ आसनें, कित्येक गाड्यांत फुलदाणीसुद्धां! गोल चक्राऐवजीं गाडी वळविण्यास एक आडवा दांडा असे, आणि वेग कमीअधिक करण्यास दुसरा. गाडी सुरू करण्यास श्रम नव्हते. पेट्रोलच्या गाडीला मात्र पुढें उभें राहून लोखंडी हँडल फिरवावें लागे; तें उलटें उसळलें कीं मनगट मोडण्याची भीति. शिवाय धूर, कर्कश आवाज आणि दांत्यांची अदलाबदल या गोष्टी होत्याच. ज्या हेन्री फोर्डनें पेट्रोलची गाडी घरोघर पोहोंचविली, त्याची पत्नी क्लारा ही स्वतः १९१४ सालची ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवीत असे, ही गोष्ट पुष्कळ कांहीं सांगून जाते.

परंतु या सुखाला शिस्तीची जोड लागे. रात्रीं गाडी घरीं आली कीं तिच्या शिशाच्या बॅटऱ्यांना वीज पाजावयाची. बॅटरीला एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह लागतो, आणि बहुतेक घरांतून येई तो उलटसुलट वाहणारा. म्हणून गाडीखान्यांत पाऱ्याच्या वाफेचा कांचेचा फुगा बसवीत. रात्रभर त्याचा निळसर हिरवा उजेड भिंतीवर हालत असे. बॅटरींत वेळोवेळीं शुद्ध पाणी घालावें लागे. एका भरणींत ऐंशी मैल जाईल, अशी कंपनीची जाहिरात होती. थंडी आणि चढाव यांनीं हें अंतर कमी होई. त्यामुळें चालविणाऱ्याची एक नजर रस्त्यावर, तर दुसरी उरलेली वीज दाखविणाऱ्या मापकावर. एडिसननें कित्येक वर्षें खपून लोखंड व निकेल यांची टिकाऊ बॅटरी सिद्ध केली. ती महाग असे आणि कडक थंडींत मंदावे.

भाड्याच्या गाड्यांचा अनुभव अधिक कठीण निघाला. १८९७ सालीं लंडनमध्यें बर्सी यानें विजेच्या घोडाविरहित गाड्या सुरू केल्या. त्यांच्या गुणगुणण्यावरून लोकांनीं त्यांना एका चिमुकल्या पक्ष्याचें नांव दिलें. पण धक्क्यांनीं बॅटऱ्या खचत, आणि दोनच वर्षांत त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या. न्यूयॉर्कमध्यें मात्र त्याच वर्षीं भाड्याची गाडी ठाण्यांत येई, रिकामी बॅटरी यंत्राच्या साह्यानें काढून भरलेली बसवीत, आणि कांहीं मिनिटांत ती पुनः धंद्याला लागे.

मग पराभव कशानें झाला? १९१२ सालीं चार्ल्स केटरिंग याच्या विजेच्या ‘स्टार्टर’नें कॅडिलॅक गाडी हँडलावांचून सुरू होऊं लागली. म्हणजे विजेच्या मोटारीचा मोठा गुण लहानशा विजेच्या मोटारीनेंच प्रतिस्पर्ध्याच्या पदरांत टाकला! फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची किंमत १९०८ मध्यें ८५० डॉलर होती, ती १९२५ मध्यें २६० डॉलरवर आली. टेक्साससारख्या प्रांतांत खनिज तेलाचा लोट वाहूं लागला. वीज मात्र शहराबाहेर गेली नाहीं. १९३५ च्या सुमारासहि अमेरिकेंतील दहा शेतघरांपैकीं जेमतेम एकांत वीज होती. त्यांतच ‘ही बायकांची गाडी’ असा शिक्का बसला, आणि पुरुषांनीं तिला सामान्य गृहस्थाची गाडी मानलें नाहीं. रोजचा प्रवास दहापांच मैलांचा असे. परंतु खरेदी झाली ती वर्षांतून एकदां घडणाऱ्या लांबच्या सहलीकडे पाहून.

आज चित्र पालटलें आहे. लिथियमची बॅटरी १९९१ सालीं बाजारांत आली. बंगळूरची ‘रेवा’ २००१ मध्यें रस्त्यावर धांवली, आणि टाटांची विजेची ‘नेक्सॉन’ जानेवारी २०२० मध्यें विक्रीस आली. चालविणाराचा अनुभव मात्र ओळखीचा आहे: तीच निःशब्द चाल, तीच रात्रीची भरणी, मापकाकडे जाणारी तीच नजर. घाट उतरतांना गाडी थोडी वीज परत मिळविते, हेंहि नवें नव्हे. फ्रान्समधील क्रीगरच्या गाड्यांत ती सोय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच होती.

प्रश्नहि ओळखीचाच आहे. पुण्यांतील गृहस्थ दिवसाकाठीं वीसपंचवीस किलोमीटर फिरतो, पण दुकानांत प्रथम विचारतो, “कोल्हापूरपर्यंत जाईल ना?” हा प्रश्न हंसण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर एकट्या गाडीपाशीं नसतें. तें वाटेवरच्या भरणी-केंद्रापाशीं, इमारतीच्या वाहनतळांतील एका जोडणीपाशीं आणि ती देण्यास शेजारी राजी आहेत कीं नाहींत, यापाशीं असतें. मुलांना इतिहास शिकवितांना मी सांगत असें कीं, पराभूतांची हकीकतहि तितक्याच काळजीनें वाचावी. पहिल्या खेपेस विजेची तार वेशीपाशीं थांबली, म्हणून गाडीहि तेथेंच थांबली. या खेपेस ती तार कोठवर न्यावयाची, हें ठरविणें आपल्या हातीं आहे.