अण्णासाहेब शिंदे : लोकसभेतील चार निवडणुका आणि धान्याचा प्रश्न

स्मरणिका समितीने यंदा आमच्याकडे जिल्ह्यातील एखाद्या लोकप्रतिनिधीचा परिचय मागितला, तेव्हा प्रथम आम्ही नेहमीच्या पद्धतीने लिहावयास बसलो होतो. जन्म, शिक्षण, भूषविलेली पदे, लाभलेले सत्कार, असा तो साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु समितीच्या बैठकीत एका तरुण सभासदाने मध्येच विचारले, "पदे कळली, पण त्यांनी सभागृहात मते कोणती दिली?" प्रश्न सरळ होता आणि आम्हांस उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. ज्यांच्याविषयी लिहावयाचे ते कोणत्या ज्ञातीत जन्मले, ही विचारणा अशा स्मरणिकेत पहिली असते. ती आम्ही या वेळी बाजूस ठेवली आहे. वाचकांनी क्षमा करावी.

अण्णासाहेब पांडुरंग शिंदे यांचा जन्म १९२२ सालचा, सिन्नर तालुक्यातील. पुढे त्यांची कर्मभूमी मात्र नगर जिल्हा झाली. श्रीरामपुरास त्यांनी वकिली केली आणि तारुण्यात डाव्या विचारांच्या शेतकरी चळवळीत ते वाढले. त्या काळचे श्रीरामपूर म्हणजे काय, हे जुन्या मंडळींस सांगणे नको. एका बाजूस हरेगावची बेलापूर कंपनी आणि टिळकनगरचा खासगी कारखाना, दुसऱ्या बाजूस लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरेचा सहकारी कारखाना. आणि मध्ये आपली जमीन कंपनीस खंडाने देऊन बसलेला शेतकरी. भंडारदऱ्याचे पाणी कालव्याने येत होते, पण त्या पाण्याचे धनी कोण, हा वाद मिटलेला नव्हता. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या, त्यांवर शेती महामंडळ उभे राहिले, आणि खंडकऱ्यांचा झगडा त्यानंतरही कित्येक दशके चालला. अशा मुलखात वकिली करणाऱ्या माणसास शेतीचा प्रश्न पुस्तकांतून शिकावा लागत नाही.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत जिल्ह्यातील लोकसभेच्या दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या होत्या. नगरहून रघुनाथ केशव खाडिलकर आणि कोपरगावहून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बापू चंद्रसेन कांबळे निवडून आले होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ मध्ये वारे फिरले आणि कोपरगावहून अण्णासाहेब काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले. १९६७ मध्ये ते तेथूनच पुन्हा निवडून आले. १९७१ मध्ये कोपरगावची जागा बाळासाहेब विखे पाटील यांच्याकडे गेली आणि अण्णासाहेब नगरहून उभे राहून जिंकले; १९७७ मध्येही नगरनेच त्यांना पाठविले. तो कोपरगाव मतदारसंघ आता नकाशावर राहिलेला नाही. २००८ च्या पुनर्रचनेत त्याचा शिर्डी झाला, आणि जिल्ह्याचे नावही २०२४ पासून अहिल्यानगर आहे. आम्ही येथे त्या काळची नावेच वापरली आहेत.

आता मतांचा प्रश्न. आमच्या तरुण मित्राची कल्पना अशी होती की प्रत्येक विधेयकावर प्रत्येक सभासदाचे मत कोठे तरी नोंदलेले असते. तसे नाही. लोकसभेत बहुतेक ठराव आवाजी मताने संमत होतात. अध्यक्ष "होय" म्हणणारे व "नाही" म्हणणारे ऐकतात व निर्णय देतात. कोण काय म्हणाले याची नावनिशी राहत नाही. कोणी मतविभागणी मागितली तरच नावे येतात. त्यासाठी सभागृहात १९५७ मध्ये यंत्र बसले. घटनादुरुस्तीस मात्र एकूण सभासदसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत लागते, म्हणून तेथे मोजणी अटळ असते. शिवाय पक्षादेश असतो. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीची तरतूद घटनेत आली, तेव्हापासून पक्षादेश मोडणाऱ्याची जागाच धोक्यात येते. त्यापूर्वी कायद्याचा धाक नव्हता, परंतु मंत्र्यास तेव्हाही मोकळीक नव्हती. सरकारात बसावयाचे तर सरकारच्या बाजूने हात वर करावयाचा, नाही तर बाहेर पडावयाचे. म्हणून मंत्र्याचे मत पाहावयाचे तर त्याने कोणत्या सरकारात, कोणत्या प्रसंगी राहणे पत्करले, हे पाहावे लागते.

अण्णासाहेब प्रथम अन्न व शेती खात्यात संसदीय सचिव झाले, १९६६ च्या जानेवारीत उपमंत्री, आणि १९६७ पासून १९७७ पर्यंत राज्यमंत्री. वरचे मंत्री बदलत गेले. चिदंबरम सुब्रह्मण्यम आले, जगजीवनराम आले, फक्रुद्दीन अली अहमद आले, पुन्हा जगजीवनराम आले. खुर्चीवरचा माणूस बदलला तरी टेबलाच्या बाजूस बसणारा हा नगरचा वकील बदलला नाही. दिल्लीत एवढा काळ एकाच खात्यात टिकणे दुर्मीळ आहे. कॅबिनेटचे पद त्यांच्या वाट्यास आले नाही, याची हळहळ आम्ही जिल्ह्यात पुष्कळदा ऐकली आहे. ती आम्हांस फारशी पटत नाही. खाते माहीत असलेला दुय्यम मंत्री हा पुष्कळदा खाते माहीत नसलेल्या मुख्य मंत्र्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

ते दिवस कोणते होते हे नव्या पिढीस सांगितले पाहिजे. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे ८९० लाख टन धान्य पिकले. पुढच्या वर्षी पाऊस बुडाला आणि ते सुमारे ७२० लाख टनांवर आले. १९६६ मध्ये एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले. त्यातील मोठा भाग अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखालचा होता, आणि तो किती व केव्हा पाठवावयाचा हे वॉशिंग्टनला ठरत होते. सोमवारी रात्रीचे जेवण सोडा, असे पंतप्रधान शास्त्रीजींनी देशास सांगितले, आणि आपल्या घरांतून कित्येकांनी ते पाळले. १९६५ च्या जानेवारीत अन्न महामंडळ व कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आले. त्याच वर्षी बियाण्यांचा कायदा झाला. परदेशी बुटक्या गव्हावर एवढा पैसा घालावा काय, खतांसाठी परकीय चलन द्यावे काय, श्रीमंत शेतकरीच याचा लाभ घेतील काय, हे प्रश्न त्या वेळी सभागृहात आणि बाहेरही तीव्रतेने विचारले गेले. ज्या डाव्या विचारांत अण्णासाहेब वाढले त्या बाजूनेच पुष्कळसे विचारले गेले. उत्तर देण्याच्या जागी ते स्वतः होते. १९६४-६५ मध्ये सव्वा कोटी टनांच्या आतबाहेर असलेला गहू १९७०-७१ मध्ये दोन कोटी अडतीस लाख टनांच्या घरात गेला. श्रेय शास्त्रज्ञांचे, पंजाबच्या शेतकऱ्याचे, सुब्रह्मण्यम यांच्या धाडसाचे. परंतु धोरण एकदा ठरल्यावर ते सलग दहा वर्षे खात्यात धरून ठेवणाऱ्यांचेही त्यात काही आहे.

शेती हा घटनेने राज्यांचा विषय आहे. पाटबंधारेही राज्यांचे. म्हणून "दिल्लीत एवढी वर्षे असून आमच्या गावास पाणी का आणले नाही" ही तक्रार चुकीच्या दारी केलेली आहे, असे आम्हांस वाटते. केंद्राच्या हाती बियाणे, संशोधन, खत, आयात आणि भाव एवढेच होते. भावाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यास थेट लाभ झाला तो साखरेचा. १९६७-६८ च्या हंगामापासून कारखान्यांनी साठ टक्के साखर सरकारी भावाने द्यावी व चाळीस टक्के खुल्या बाजारात विकावी, असे ठरले. त्या चाळीस टक्क्यांच्या जोरावर सहकारी कारखान्यांना उसास बरा भाव देता आला. प्रवरा-गोदावरीच्या काठच्या कित्येक घरांची चिरेबंदी त्या काळातील आहे.

घाटावरच्या व दुष्काळी तालुक्यांची गोष्ट निराळी. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड, शेवगाव येथे गव्हाची क्रांती पोहोचली नाही. संकरित ज्वारीचे पहिले वाण १९६४ मध्ये आणि संकरित बाजरीचे १९६५ मध्ये प्रसृत झाले होते. परंतु ती ज्वारी खरिपाची, आणि आपला जिल्हा रब्बीचा. आपल्या काळ्या जमिनीत मालदांडीनेच तग धरला, व अजूनही धरला आहे. संकरित बाजरीने प्रथम भरघोस कणसे दिली; मग सत्तरीच्या आरंभी गोसावी रोगाने ती झोपविली. "हायब्रीड" हा शब्द आमच्या आजीच्या तोंडी बेचव भाकरीचा पर्याय झाला होता. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरची माणसे खडी फोडण्याच्या कामावर होती; पोटास परदेशची तांबडी मिलो आणि सुकडी. त्या वेळी आपल्याच जिल्ह्याचा माणूस दिल्लीत शेतीचा राज्यमंत्री होता, हे आमच्या वडिलांनी कधी अभिमानाने सांगितले नाही आणि कधी रागानेही नाही. ते फक्त म्हणत, "धान्य आले, हे खरे."

पुढे कोरडवाहू शेतीचे संशोधन, अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम यांत आपला जिल्हा आला, राहुरीस कृषी विद्यापीठ उभे राहिले. पण बागाइती आणि जिराइती यांतील ते अंतर मिटले नाही, आणि हरितक्रांतीची थोरवी गाताना ते विसरता येत नाही. १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने ताब्यात घेतला, तो प्रयोग वर्षभरात फसला व सोडून द्यावा लागला. खात्याच्या यशात राज्यमंत्र्याचा वाटा धरावयाचा तर या अपयशातही धरला पाहिजे.

मोजणी झालेल्या दोन प्रसंगांचा उल्लेख करतो. १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगली तेव्हा अण्णासाहेब इंदिराजींच्या सरकारात राहिले. पुढील वर्षी संस्थानिकांचे तनखे बंद करण्याची घटनादुरुस्ती आली. लोकसभेत ३३२ विरुद्ध १५४ मतांनी ती संमत झाली. राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ मते पडली. २२४ चे दोनतृतीयांश १४९ हून किंचित अधिक होतात, आणि तेवढ्या अपूर्णांकाने ती पडली! तनखे अखेर १९७१ मध्ये गेले. एकेका मताचे मोल विचारणाऱ्या तरुणांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रसंग लिहिताना आम्हांस जड जाते, पण तो गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. नोव्हेंबर १९७६ मध्ये बेचाळिसावी घटनादुरुस्ती लोकसभेत ३६६ विरुद्ध ४ मतांनी संमत झाली. विरोधकांपैकी पुष्कळजण तुरुंगात होते. बाहेर असलेल्यांपैकी पुष्कळांनी सभागृहावर बहिष्कार घातला होता. अण्णासाहेब या सर्व काळात मंत्रिमंडळात होते व शेवटपर्यंत राहिले. योगायोग असा की नगरमध्येच जन्मलेले मधु दंडवते, जे राजापूरचे खासदार होते, त्या वेळी बंदिवासात होते. दोघेही शेतकरी-कामकरी माणसाचा कैवार घेणारे. एक सरकारी बाकावर, दुसरा तुरुंगात. अण्णासाहेबांनी पद सोडावयास हवे होते असे आमच्यापैकी काहींचे मत आहे. धान्याचे काम अर्धवट टाकून जाणे त्यांना बरोबर वाटले नसेल, असे इतर म्हणतात. आमचे मत पहिल्या बाजूस झुकते. तथापि १९७७ मध्ये, काँग्रेस देशभर कोसळली असता, नगरच्या मतदारांनी त्यांनाच निवडून दिले, हेही नोंदीत राहिले पाहिजे. त्या लोकसभेत ते प्रथमच विरोधी बाकावर बसले.

त्या तरुण सभासदास आम्ही हे सर्व सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे एका ओळीत उत्तर नाही." नाही, हे खरे.

लोकसभेच्या कामकाजाचे जुने खंड मोठ्या ग्रंथालयांतून पाहावयास मिळतात आणि आता संगणकावरही. पुढील अंकासाठी १९५७ ते १९६२ या काळातील कोपरगाव व नगरच्या प्रतिनिधींची भाषणे वाचून काढण्याचे काम दोन सभासदांनी पत्करले आहे. ज्या कुटुंबांत त्या निवडणुकांची पत्रके, सभांचे फोटो किंवा लोकप्रतिनिधींची हस्तलिखित पत्रे जपून ठेवलेली असतील, त्यांनी ती दिवाळीपूर्वी समितीकडे पाहावयास द्यावीत. उतरवून घेऊन मूळ कागद सुखरूप परत केले जातील.