वल्ह्याचे सुकाणू

२०२० च्या टाळेबंदीत नंदुरबार जिल्ह्यातील चिमलखेडी येथील एका अंगणवाडी सेविकेची वार्ता देशभर पोहोचली होती. बालके व गर्भवती केंद्रावर येईनात, म्हणून ती मच्छीमाराची लहान होडी मागून घेऊन नर्मदेच्या पाण्यातून त्यांच्या पाड्यांवर जात असे. छायाचित्रांत तिच्या हाती केवळ वल्हे दिसते. ‘होडीला साधे सुकाणूही नाही!’ असे एक मित्र हळहळून म्हणाला. आजचा धागा त्या उद्गारापायी.

‘सुकाणू’ हा शब्दच मुळी अरबी ‘सुक्कान’वरून आलेला. (‘सुकाणू समिती’च्या किती सदस्यांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.)

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील तीन डोलकाठ्यांचे गलबत पाहा. काळ पाचव्या शतकाच्या आसपासचा. त्याला दिशा देते ते मागील बाजूस कडेला लावलेले मोठे वल्हेच! एवढ्या जहाजाला जे पुरले, त्याला अपुरे कसे म्हणावे?

दहाव्या शतकात अल्-मक्दिसीने तांबड्या समुद्रातील जहाजांचे वर्णन केले आहे. नाखवा उंचावरून पाणी न्याहाळी. खडक दिसताच इशारा देई, आणि सुकाणूवरचा माणूस दोन दोरांपैकी एक ओढून जहाज वळवी.

होडीच्या पाठीशी कडी-खुंट्यावर टांगलेले सुकाणू रूढ झाले, तशी त्याची निगाही आली. खुंटा झिजला की दांडा आधी वळतो, पाते मागाहून. खाऱ्या पाण्यातील कृमी लाकूड आतून पोखरतात. वरून पाते धडधाकट दिसते, म्हणून ते ठोकून पाहावे लागते. शिडाच्या दाबाने नाळ वाऱ्याकडे वळू लागली, तर नवखा माणूस सुकाणू अधिकाधिक आडवे धरतो. आडवे पाते पाणी अडवते, होडी मंदावते. दोष बहुधा शिडाचा असतो. ते थोडे सैल सोडले की दांडा हलका होतो.

आता पुन्हा नर्मदेवर. सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली अक्कलकुवा-धडगाव परिसरातील शेते आणि वाटा गेल्या. पाण्याची पातळी ऋतूनुसार खालीवर होते. उथळ काठाशी लोंबते पाते तळाला घासेल, कशात तरी अडकेल. वल्हे क्षणात उचलता येते. शिवाय होडी पुढे नेणारे साधनही तेच. वळायचे असेल तेव्हा फटका जरा तिरपा मारायचा, इतकेच.