अर्धाच उरलेला डायनोसॉरपट

आज आपण 'द लॉस्ट वर्ल्ड' या 1925 सालच्या अमेरिकन मूकपटाकडे वळू. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांच्या 1912 सालच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. तापट प्रोफेसर चॅलेंजर सांगतो, दक्षिण अमेरिकेतल्या एका पठारावर डायनोसॉर अजून जिवंत आहेत. लंडनचे विद्वान त्याची टर उडवतात, आणि मग खरंखोटं करायला एक मोहीम निघते.

चित्रपट येण्याआधीच एक गंमत झाली. जून 1922 मध्ये न्यूयॉर्कला जादूगारांच्या संघटनेची मेजवानी होती, हुदिनी अध्यक्ष. तिथे डॉयलसाहेबांनी चालते-फिरते डायनोसॉर पडद्यावर दाखवले आणि हे काय आहे ते सांगितलंच नाही! दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी छापली. मग त्यांनी हुदिनीला पत्र लिहून खुलासा केला. लोकांना फसवण्यात मुरलेल्या मंडळींनाच कोड्यात टाकलं, बघा.

ही करामत विलिस ओब्रायन यांची. मार्सेल डेलगाडो यांनी धातूच्या सांगाड्यांवर रबराची कातडी चढवून प्राणी घडवले. काहींच्या पोटात हवेची पिशवी, म्हणजे छाती श्वास घेतल्यासारखी हलायची. प्राणी किंचित हलवायचा, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायचा. सेकंदाला 16 चौकटी धरल्या तरी एका मिनिटाला 960 वेळा हा उद्योग. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी रुजणारा वाटाणा असाच थांबून थांबून टिपला होता. फरक एवढाच, की वाटाणा आपला आपण वाढत होता.

कादंबरीत लंडनला आणतात ते एक टेरोडॅक्टिल, आणि ते सभागृहातून उडून जातं. चित्रपटात आणलाय अजस्र ब्रॉन्टोसॉरस, तो रस्ते तुडवत सुटतो. आम्हाला हा बदल योग्यच वाटतो: पुस्तकात पंखांची फडफड पुरते, मूकपटाला मात्र काहीतरी कोसळताना दिसावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. 1929 मध्ये हा चित्रपट वितरणातून काढून घेतला गेला आणि त्याच्या प्रती नष्ट केल्या गेल्या. अपघाताने नव्हे, ठरवून. मागे राहिली ती घरी दाखवण्यासाठी केलेली 16 मिलिमीटरची आवृत्ती, मूळच्या साधारण निम्मी. तिच्यात डायनोसॉर ठेवले, माणसांची बरीच दृश्यं कापली. पुढे कित्येक दशकं अभ्यासक म्हणत राहिले, प्राणी झकास, कथा तुटक. अहो, कथा तुटक नव्हती, तोडलेली होती! पुढे प्रागच्या संग्रहातल्या प्रतीतून पुष्कळ भाग मिळाला, आणि 2016 च्या जीर्णोद्धारानंतर चित्रपट पुन्हा दीड तासाच्या वर गेला.

शेवटचं दृश्य मात्र जरूर पाहा. टॉवर ब्रिज मोडतो, ब्रॉन्टोसॉरस थेम्समध्ये पडतो आणि समुद्राकडे पोहत निघतो. चॅलेंजर हताशपणे बघत राहतो.